रिगच्या पायातले ठोके

धक्क्यावर पाऊल टाकायला जागा नव्हती, आणि तरी कोणी खोकतसुद्धा नव्हतं. शेकडो माणसं रेनकोटात, छत्र्यांखाली, डोक्यावर प्लॅस्टिकचे कागद घेऊन एकाच दिशेला माना करून उभी होती. समोर समुद्रात, घसा फोडून हाक मारली तर पोचेल न पोचेल एवढ्या अंतरावर, तेलविहिरी खोदणारी ती अवाढव्य रिग वाळूच्या उथळ पट्ट्यावर चढून तिरकी बसली होती. वादळाने तिला ओढत आणून तिथे टाकलं होतं, दारू प्यालेला माणूस घराच्या पायरीवर कोसळावा तसं. तिचे तीन पोकळ पोलादी पाय, एकेक पाण्याच्या टाकीएवढा रुंद, आभाळात वाकडे रोखलेले होते.

धक्क्याच्या टोकाला बोटी बांधायचा जाडजूड लोखंडी खुंटा आहे. त्या खुंट्याला उजवा कान लावून कानबुवा बसले होते. अंगात पांढराशुभ्र रेनकोट, पायात पांढरे गमबूट, एका हातात माइक, दुसऱ्यात हातोडी. डोळे अर्धे मिटलेले.

"लोखंडाला लोखंड ओळखतं," बुवांचा आवाज भोंग्यातून घुमला. "माणसाच्या रक्तात लोखंड असतं. हे मी सांगत नाही, विज्ञान सांगतं. विज्ञान! तुमच्या लेकरांच्या रक्तातलं लोखंड रिगच्या पायातल्या लोखंडाशी बोलतंय. ते लोखंड समुद्राशी बोलतंय. समुद्र या खुंट्याशी आणि खुंटा माझ्या कानाशी. मग मी कोण? मी कोणीच नाही. मी नुसता पाना. वरच्याच्या हातातला पाना! तो फिरवील तसा फिरायचा. घट्ट कर म्हणाला घट्ट, सैल कर म्हणाला..."

"सैल," गर्दीतून कोणीतरी भक्तिभावाने म्हणालं.

बुवा थांबले. अर्ध्या मिटल्या डोळ्यांची पापणी किंचित हलली. मग एकदम त्यांचा आवाज बदलला. "क्रेनवाल्या बाळा! तुझी बायको इथे उभी आहे. तू ठीक आहेस का? असशील तर सांग तिला!" आणि त्यांनी हातोडीने खुंट्यावर दोन ठोके हाणले. ठण्. ठण्.

क्षणभर फक्त पाऊस. आणि मग रिगच्या बाजूने, पाण्यावरून, खोल आणि जड आवाज आला.

ठण्. ... ठण्.

धक्का हुंदक्यांनी भरून गेला. क्रेनवाल्याची बायको गुडघ्यावर बसली आणि तिने तोंडात पदर कोंबला. तिच्याशेजारी उभ्या असलेल्या नणंदेने तिला धरलं, पण नणंद रडत नव्हती. ती समुद्राकडे बघत होती.

ही नणंद गावातल्या शाळेत विज्ञान शिकवायची. गाव तिला नुसतं 'बाई' म्हणतं. रिगवरचा क्रेनवाला हा तिचा थोरला भाऊ, तिचा दादा.

झालं होतं ते असं. वादळ येतंय हे सगळ्या जगाला ठाऊक असताना कंपनीने ती रिग दुसऱ्या जागी ओढून न्यायचं ठरवलं. नव्या विहिरीवर काम सुरू व्हायला उशीर नको म्हणून. भर समुद्रात टगबोटीचा ओढायचा पोलादी दोर सुतळीसारखा तुटला. रिग वाहवत निघाली आणि पहाटे गावासमोर आपटली. हवा जरा निवळल्यावर हेलिकॉप्टरने वरची माणसं उचलली. चौदा जण मात्र सापडले नाहीत. त्यांत दादा होता.

पहिले दोन दिवस गाव कंपनीच्या फाटकावर बसलं. वादळात रिग बाहेर का काढली, हुकूम कोणाचा, या प्रश्नांनी साहेबलोकांना घाम फुटला होता. तिसऱ्या दिवशी रिगच्या पायातून ठोके ऐकू आले. त्याच दुपारी कुठल्याशा दूरच्या गावाहून कानबुवा उगवले. आणि फाटकावरची गर्दी उठून धक्क्यावर आली.

बाहेरच्या माणसाला वाटेल, ठोके आले म्हणून काय झालं? समुद्रात लोखंड पडलंय, वाजणारच. पण हे रिगवाल्यांचं गाव. इथे ठोके म्हणजे बोली आहे. रिगच्या टाकीत किंवा पायात माणूस तपासणीला उतरला की तोंडाशी एक जण पाना घेऊन बसतो. आत हवा खराब असते, हाक नीट पोचत नाही. बाहेरचा दोन ठोके देतो, म्हणजे 'ठीक आहेस ना?' आतला दोन परत देतो, म्हणजे 'ठीक.' तीन दिले तर 'मला बाहेर काढा.' या बोलीवर इथल्या बापजाद्यांचे जीव वाचलेत. घरी आली तरी ही माणसं ती सवय सोडत नाहीत. दादा न्हाणीघरात जास्त वेळ लावू लागला की वहिनी चिडून दारावर दोनदा मारायची आणि आतून बादलीवर दोनदा मग वाजायचा. त्यावरून भांडणं व्हायची, हसणं व्हायचं. तेव्हा रिगमधून दोन ठोके आले आणि या गावाने त्यावर विश्वास ठेवला नाही, असं होणंच शक्य नव्हतं. दुसऱ्या कुठल्या गावाला बुवा असा फसवू शकला नसता.

खुद्द बाईंनी पहिल्यांदा ते ठोके ऐकले तेव्हा त्यांनाही ते खरे वाटले होते. त्याही त्याच घरात वाढल्या होत्या.

पण मग त्यांनी रिगकडे नीट पाहिलं. वरच्या मजल्याच्या कडेला नारिंगी जीवरक्षक बोटी टांगलेल्या असतात. एका बाजूची होती. दुसऱ्या बाजूची नव्हती. आणि ती जिथे टांगलेली असायची तिथून दोन दोर थेट पाण्यापर्यंत सरळ लोंबत होते.

बाई तडक शोधपथकाच्या कप्तानाकडे गेल्या. त्याच्या दोन बोटी लाटांमुळे लांबूनच रिगभोवती घाण्याच्या बैलासारख्या फिरत होत्या.

"कप्तान, वादळाने बोट तोडली असती तर दोर तुटलेले दिसले असते की नाही?"

"दिसले असते."

"हे दोर शेवटपर्यंत सोडलेले आहेत. म्हणजे कोणीतरी आत बसून बोट खाली उतरवली."

कप्तानाने डोळे चोळले. कित्येक रात्री झोपला नव्हता तो. "मला कळत नाही असं वाटतं का तुम्हाला?"

"मग दक्षिणेला का जात नाही? वादळानंतर सगळा प्रवाह तिकडे आहे. रिगवरची पिवळी हेल्मेटं तिकडच्या किनाऱ्यावर लागलीत, सगळ्यांनी पाहिलीत."

"बाई, घरचे लोक म्हणतात, माणसं पायात आहेत, इथून हलाल तर बोटी जाळू. कंपनी म्हणते, घरच्यांच्या भावनांचा मान राखा. आणि माझे वरचे म्हणतात, कंपनी सांगते तसं करा. मी दक्षिणेला गेलो आणि रिकाम्या हाताने परत आलो, तर मला धक्क्याला तरी लागू देतील का?"

"बोटीत पाणी किती असतं?"

कप्तानाने नजर बोटींकडे वळवली. मग हळूच म्हणाला, "आठवडाभर ताणलं तर ताणलं. जखमी नसतील तर."

तो पाचवा दिवस होता.

परत येताना मांडवाशी कंपनीचे जनसंपर्कवाले साहेब भेटले. मांडव कंपनीचा, खुर्च्या कंपनीच्या, चहा कंपनीचा, बुवांच्या हातातला माइकसुद्धा कंपनीचा.

"माणुसकी म्हणून," साहेब हात जोडून म्हणाले. "लोकांना दिलासा हवा असतो हो अशा वेळी."

"तुमच्या फाटकावर बसले होते तेव्हा पावसात भिजत होते. तेव्हा माणुसकी कुठे गेली होती? सुट्टीवर?"

साहेबांनी घड्याळ पाहिलं आणि त्यांना अचानक एक महत्त्वाचं काम आठवलं.

घरी वहिनी दादाचा शर्ट इस्त्री करत बसली होती. "वन्सं, बुवा म्हणाले, उद्या-परवा समुद्र शांत झाला की पाणबुडे पाय कापून सगळ्यांना काढतील. त्यांना बाहेर आल्यावर कोरडं काही हवं ना घालायला."

"वहिनी, दादा पायात नसेल तर?"

इस्त्री थांबली. "मग कुठे असतील?"

"बोटीत. दक्षिणेला. तहानलेला."

"तुम्ही ठोके ऐकलेत ना? तुमच्याच कानांनी?"

"ऐकले. पण एक सांगा. बुवा रोज थोड्या उशिराने का बसतात? पहिल्या दिवशी दुपारी बसले, आता संध्याकाळ व्हायला लागली. मधल्या वेळात ठोके नाहीत. विचारलं तर म्हणतात, मुलं झोपली आहेत. तिन्ही दिवस मुलं ओहोटीला झोपतात आणि भरतीला उठतात?"

"थकली असतील," वहिनी म्हणाली, आणि शर्टाची कॉलर पुन्हा दाबू लागली. "तुमचं विज्ञान जरा बाजूला ठेवा, वन्सं. आत्ता मला तेवढंच आहे. तेवढं तरी राहू द्या."

बाई उठल्या, शाळेत गेल्या, प्रयोगशाळेच्या कपाटातली छोटी दुर्बीण काढली आणि दीपस्तंभाच्या टेकाडावर चढल्या. धक्क्यावरून रिगच्या पायाची एकच बाजू दिसते. टेकाडावरून दुसरी दिसते.

ओहोटी होती. पायाच्या बुडाशी तपासणीला आत शिरायचं लोखंडी दार असतं. ते वादळाने उखडलं होतं आणि एकाच बिजागरीवर लोंबत होतं. पाणी खाली गेल्यामुळे ते आता निश्चल होतं. दारामागे पायाचं पोलाद तेवढ्याच जागी घासून चांदीसारखं चकाकत होतं. बाकी सगळीकडे गंज आणि चिखल. आणि दाराच्या भगदाडातून पायाच्या आरपार पलीकडचा उजेड दिसत होता. पाय दुसऱ्या बाजूनेही फाटला होता. आत माणूस राहायचं सोडा, मांजर कोरडं राहिलं नसतं.

बाई तिथेच गवतावर बसल्या. दादा तिथे नव्हता हे त्यांना माहीत होतंच. तरी माहीत असणं वेगळं आणि त्या भोकातून आभाळ दिसणं वेगळं.

मग भरती चढू लागली. लहान लाटा दाराला नुसत्या चाटून जायच्या. पण मधूनच खोल समुद्राकडून दोन-तीन मोठ्या लाटांचा घोळका यायचा. लाट चढताना दार उचलून पायावर आदळायची, उतरताना परत आदळायची. चढताना एक, उतरताना एक. ठण्. ठण्. खाली धक्क्यावर बुवांची बैठक सुरू झाली होती. बाईंनी दुर्बीण त्यांच्यावर रोखली. मिटलेल्या वाटणाऱ्या त्या डोळ्यांची नजर खडक दाखवायला टाकलेल्या तरंगत्या लाल बोयावर होती. मोठी लाट आधी बोयाला उचलायची. मग सावकाश वीस म्हणेपर्यंत ती रिगला पोचायची. प्रश्न विचारून हातोडी मारायला तेवढा वेळ बक्कळ. बोया उचलला जात नाही तोवर बुवांचं प्रवचन चालूच: रक्तातलं लोखंड, वरच्याचा पाना. म्हणून तर ते प्रवचन कधी दोन वाक्यांचं असायचं, कधी संपता संपायचं नाही. चुकून ठोका आधी पडला तर "बाळ घाई करतोय", आणि एकाहून जास्त लाटा आल्या तर "पुन्हा पुन्हा सांगतोय बिचारा."

दुसऱ्या दिवशी सकाळच्या भरतीला बुवा बसलेच. गर्दी वाढल्यापासून दिवसातून दोनदा बसायचे. बाईंनी आधी टगवाल्या काकांना गाठलं. काका जन्मभर टगबोटीवर राबलेले, आता निवृत्त. त्यांचा धाकटा मुलगा त्या चौदांत होता. घरच्यांच्या वतीने तेच बोलायचे, बोटी जाळायची भाषाही त्यांचीच.

"काका, मला पाच मिनिटं द्या. नंतर मला समुद्रात ढकला."

"ढकलीनच," काका म्हणाले. "पण तुझा भाऊही आत आहे म्हणून पाच मिनिटं दिली. बोल."

बाई धक्क्याच्या कठड्यावर चढल्या. हातात पिवळा रुमाल. "कोणी काही विचारू नका. बुवा, तुम्हीही हातोडी खाली ठेवा. मी हात खाली आणला की ठोके पडतील. बघा."

"माते, अविश्वासाची सावली पडली की मुलं घाबरतात," बुवा माइकमधून म्हणाले.

"गप बसा दोन मिनिटं," काका खेकसले. बुवा बसले.

बाईंनी रुमाल वर धरला. लोक कुजबुजू लागले. कोणी हसलं. "बाई गाडीला झेंडी दाखवतायत." रुमाल वरच. मग त्यांचे ओठ हलू लागले, आणि हात खाली आला.

ठण्. ... ठण्.

पुन्हा रुमाल वर. पुन्हा वाट. पुन्हा हात खाली. ठण्. ठण्. तिसऱ्यांदाही तसंच. आणि आता लोकांच्या डोळ्यांवरची झापडं उडतील, असं बाईंना वाटलं.

बुवा ताडकन उठले. चेहऱ्यावर परमानंद. "पाहिलंत! पाहिलंत! बाईंनाही सिद्धी मिळाली! माझ्या सहवासात चार दिवस उभ्या राहिल्या आणि लोखंडाने त्यांना आपलंसं केलं! या माते, या, पुढचा पाना तुम्ही!"

आणि काय सांगावं, पुढच्या रांगेतल्या बायकांनी बाईंकडे वळून हात जोडले. एकीने तर आपल्या नवऱ्याची टोपी पुढे केली. "बाई, ह्यांना विचारा ना, पाय दुखतोय का अजून?"

बाईंचा तोल गेला. आजवर वर्गातही त्या कधी अशा ओरडल्या नव्हत्या. "अहो, जरा डोकं वापरा की! सिद्धी कसली आलीय? तो लाल बोया दिसतोय का? सगळे तिकडे बघा. रिगकडे नाही, माझ्याकडे नाही, बुवाकडे तर नाहीच. बोयाकडे! तो वर उचलला गेला की मोजायला लागा. मोठ्याने!"

लोक बघू लागले. बोया साध्या लाटांवर डुलत होता. मग एकाएकी तो सरसर वर चढला. "एक," बाई म्हणाल्या. "दोन," काका म्हणाले. तिसऱ्या आकड्याला दहा-बारा आवाज होते, दहाव्याला सगळा धक्का मोजत होता. "अठरा, एकोणीस, वीस..."

ठण्. ठण्.

"पायाचं दार उखडलंय. टेकाडावरून दिसतं, कोणीही जाऊन बघा. मोठी लाट आली की ते दोनदा आपटतं. बुवा चार दिवस बोया बघून प्रश्न विचारतोय. आणि प्रश्न तरी कसले? ज्याचं उत्तर 'हो' आहे तेवढेच! 'ठीक आहेस का?' 'बायकोची आठवण येते का?' एकदा तरी त्याने असा प्रश्न विचारला का, ज्याचं उत्तर 'नाही' येईल?"

"तुमच्या मनात पाप आहे," बुवा म्हणाले, पण माइक एव्हाना काकांच्या हातात होता.

बाईंनी हातोडी उचलली. बोया चढला. त्या खुंट्याशी वाकल्या आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "दादा. आत कोणीच नाही, हे खरं आहे का?" त्यांनी दोन ठोके हाणले.

ठण्. ... ठण्. ठीक. हो. आत कोणीच नाही.

टगवाले काका खाली बसले, ओल्या दगडावर, लहान मुलासारखे पाय पसरून. "मी," ते म्हणाले, "मी जन्मभर लाटा बघितल्या गं. लाटेचा घोळका मला कळू नये?" मग त्यांनी मान वर केली आणि माइक ओठांशी नेला. "कप्तान! दोन्ही बोटी दक्षिणेला घाल. आत्ता! मी सांगतो!"

बोटी सुटल्या. गडबडीत बुवा कुठे गेले ते कोणी पाहिलं नाही. नंतर कळलं, जनसंपर्कवाल्या साहेबांच्या गाडीत मागच्या सीटवर.

नारिंगी बोट दुसऱ्या दिवशी सापडली, दक्षिणेच्या खडकांमागे, उतरलं तर माणूस बुडेल अशा चिखलात रुतलेली. आत आठ जण होते. बाकीचे सहा वादळाच्या रात्रीच पाण्यात गेले होते, काकांचा मुलगा त्यांत. आठांपैकी सात मेले होते. एक वेल्डर जिवंत होता.

डॉक्टरांनी बाईंना बाजूला घेतलं. "तुमच्या भावाला दुखापत नव्हती. पाणी संपलं होतं."

"कधी गेला?"

डॉक्टर तरुण होता. खोटं बोलायची सवय अजून लागली नव्हती. "काल सकाळी. फार तर दुपारी."

म्हणजे बाई रुमाल हलवत होत्या तेव्हा. किंवा त्याच्या जरा नंतर. म्हणजे एक दिवस. फक्त एक दिवस आधी कोणी दक्षिणेला गेलं असतं, तर.

वेल्डरचे ओठ फुटून काळे पडले होते. चमच्याने पाणी घेत तो थांबून थांबून बोलला. "तुमचे दादा सगळ्यांना पाणी मोजून द्यायचे. स्वतः शेवटी. आम्हाला तुमच्या शोधबोटी दिसायच्या बाई. रात्री खडकांच्या फटीतून दिवे दिसायचे. लांब, रिगपाशी. दादा म्हणायचे, उद्या इकडे येतील. रोज म्हणायचे. तिथे काय शोधत होते हो ते?"

बाईंनी पाण्याचा चमचा पुन्हा भरून त्याच्या ओठांशी धरला. वेल्डरच्या खाटेच्या पायथ्याशी वहिनी उभी होती. ती वळून बाहेर गेली.

दोन-चार दिवसांत समुद्र निवळला. मोठ्या लाटा थांबल्या आणि ठोकेही थांबले. तेव्हा गावात काय बोलू लागले, माहीत आहे? "बाईंनी अविश्वास दाखवला म्हणून आतले आत्मे निघून गेले." दक्षिणेला सापडलेली प्रेतं डोळ्यांनी पाहूनही! कंपनीने एक निवेदन काढलं: घरच्यांच्या इच्छेनुसार शोधकार्य केलं. वादळात रिग का ओढली, हा प्रश्न आता कोणी विचारत नाही. फाटकावर पुन्हा कोणी बसलं नाही. बुवा, ऐकतो ते खरं असेल तर, दुसऱ्या एका किनाऱ्यावर बुडालेल्या मासेमारी बोटीच्या घरच्यांना दिलासा देतायत.

एका संध्याकाळी वहिनी बाईंच्या समोर येऊन बसली. कितीतरी दिवसांनी बोलली. "वन्सं, तुमच्यावर राग आहे माझा. तुम्ही म्हणालात ना, तहानलेला असेल. तेव्हा मला हाताला धरून का नाही ओढलं तिथून? माझ्या थोबाडीत का नाही मारली? मी इस्त्री करत होते. ते पाण्यासाठी..."

बाई म्हणाल्या, "तुम्ही म्हणालात, तेवढं तरी राहू द्या. मला वाटलं, एका रात्रीने काय बिघडतंय?"

एकमेकींना माफ केलं असं काही झालं नाही. आजही झालेलं नाही.

लोक मला विचारतात, बुवाने काय वाईट केलं? त्याने कोणाला मारलं नाही, घाबरवलं नाही. चार दिवस रडणाऱ्या बायकांना आधार दिला. त्याने काय बिघडलं? अरे, हेच बिघडलं! आशा वाईट नसते. पण त्या गावाकडे आशा होती, दोन बोटी होत्या आणि थोडे दिवस होते. बुवाने ते सगळं एका रिकाम्या पोलादी पायाला बांधून ठेवलं, आणि ज्यांना उत्तरं द्यायची नव्हती त्यांनी त्याला मांडव घालून दिला. खोटा दिलासा फुकट नसतो. तो कोणाच्या तरी वाट्याचं पाणी पिऊन जगतो.

म्हणून हात जोडून सांगत नाही, ओरडून सांगतो. कोणी चमत्कार दाखवला, तर वाकण्याआधी एवढंच विचारा: हे खोटं असतं तर काय वेगळं दिसलं असतं? मग ते बघायला स्वतः जा. टेकाड चढावं लागलं तर चढा. दुःखात असाल तरी चढा. दुःखात असाल तेव्हा तर आधी चढा. आणि लवकर चढा, कारण तुम्ही विचार करायचं टाळता, तेव्हा कुठेतरी कोणीतरी तुमची वाट बघत असतं.